मदत हवी आहे: बर्फ वितळल्यावर तळघराच्या खोदाईसाठी जमीन कशी तयार करावी?

प्रश्न
महिनाभरात तळघराची खोदाई सुरू करायची आहे. बाहेरून बाहेर माप ६ × ४ मीटर, खोली २ मीटर. जागेला हलका उतार आहे. वर ३० सेंमी काळी भुसभुशीत माती आणि खाली पिवळी चिकणमाती. बर्फ गेला आहे, पण वरच्या अंगाने पाणी अजून पाझरतंय. तळघराच्या भिंतीपासून ५ मीटरवर ४० सेंमी जाड खोडाचं झाड आहे, ते राखायचं आहे. पोकलेन आणि डंपर गवताच्या पट्ट्यावरून येतील. मशीन कधी बोलवावी आणि त्याआधी काय काय उरकावं? ६ × ४ × २ म्हणजे ४८ घनमीटर माती निघेल, हा हिशेब बरोबर आहे का?

प्रतिसाद १
तारीख ठरवू नका, वाफसा बघा, म्हणजे माती काम करण्याजोगी सुकली का ते. वर सुकलेलं दिसलं तरी खाली गोठलेला थर शिल्लक असू शकतो. वितळलेलं पाणी त्याच्या खाली उतरत नाही, वरच साचून राहतं, आणि पोकलेन फिरली की जागेचा चिखल होतो. चार-पाच ठिकाणी पहार ठोका. एखाद्याच ठिकाणी अडली तर दगड असेल. सगळीकडे साधारण एकाच खोलीवर अडली तर खाली अजून गोठलेलं आहे, थांबा. पहार मोकळी गेली तर ४० सेंमी खालची चिकणमाती घेऊन तळहातावर वळी वळा. ३ मिमी जाडीपर्यंत न तुटता वळली तर माती अजून ओली आहे. त्याआधीच भुगा व्हायला लागली की मशीन बोलवा.

तोवर पाणी अडवायचं काम आजच हाती घ्या. उताराच्या वरच्या अंगाला, खड्ड्याच्या वरच्या काठापासून ३ मीटर सोडून ४० सेंमी खोल चर काढा. त्याला १०० मीटरला १ मीटर उतार द्या आणि पाणी खड्ड्याला वळसा घालून खाली सोडा. शेजारच्या जमिनीत मात्र नको. चर मशीनच्या आधी तीन आठवडे झाला तर उपयोग. आदल्या दिवशी काढून चिकणमाती सुकत नाही.

जमिनीखालच्या केबल आणि नळांची खूण चर मारण्याआधीच करून घ्या. खुणेच्या दोन्ही बाजूंना ६० सेंमी फक्त हाताने खोदायचं.

प्रतिसाद २
४८ घनमीटर हा तळघराचा आकार झाला, खड्ड्याचा नव्हे. भिंतीबाहेर काम करायला चारही बाजूंना ६० सेंमी लागतात, म्हणजे तळ ७.२ × ५.२ मीटर. घट्ट, कोरड्या चिकणमातीच्या बाजू १:१ उताराने (जितकी खोली तितक्याच बाहेर) सोडल्या तर वरचं तोंड ११.२ × ९.२ मीटर होतं आणि माती निघते सुमारे १३५ घनमीटर. पाझर थांबला नाही तर बाजू १:१.५ (खोलीच्या दीडपट बाहेर) ठेवाव्या लागतील आणि तोच आकडा १७३ वर जाईल. म्हणून वर सांगितलेला चर टाळू नका.

खोदलेली माती फुगते. चिकणमातीला ३० टक्के धरा: १३५ चे सुमारे १७५. दोन मीटर उंच, सहा मीटर रुंद पायाचा ढीग घातला तर तो जवळपास ३० मीटर लांब होईल. एवढी जागा आहे का ते आत्ताच पावलांनी मोजून घ्या. सगळी माती बाहेर पाठवूही नका, भिंतींभोवती परत भरायला निम्म्याहून जास्त लागेल.

झाडाचं गणित अडतंय. मुळांसाठी खोडाच्या व्यासाच्या १२ पट, म्हणजे ४.८ मीटर त्रिज्या मोकळी हवी. तुमच्या खड्ड्याचा काठ झाडापासून २.४ मीटरवर येतो. तळघर अर्धा मीटर पलीकडे सरकवा आणि त्या बाजूला उतार न देता आधार लावून बाजू उभी ठेवा. मग काठ ४.९ मीटरवर राहतो. आधाराची रचना जाणकार अभियंत्याकडूनच करून घ्या. त्या वर्तुळात ढीग आणि डंपर दोन्ही नकोत.

प्रतिसाद ३
गवताचा पट्टा डंपरच्या दुसऱ्या फेरीलाच फाटेल. गवत काढा, न विणलेलं जिओटेक्स्टाइल (माती आणि खडी वेगळी ठेवणारं कापड) अंथरा आणि वर ४० ते ७५ मिमीची खडी २५ सेंमी टाका. कापड टाळलं तर चाकांच्या दाबाने खालचा चिखल खडीत वर येतो आणि खडी खाली जाते; कितीही टाका, पुरत नाही.

काळी माती आधी वेगळी उचला, सुमारे ३० घनमीटर भरेल. ओली असताना उचलली तर तिचे ढेकूळ होतात आणि ती पुन्हा पहिल्यासारखी मोकळी होत नाही. तिच्या ढिगाची उंची दोन मीटरच्या आत ठेवा, त्यावर मशीन चढवू नका आणि पिवळ्या मातीत मिसळू देऊ नका.

आखणी करताना गुणियाबरोबर कर्णही मोजा, दोन्ही सारखे आले पाहिजेत. कोपऱ्यांच्या खुंट्या खोदाईत जातातच. म्हणून रेषा वाढवून वरच्या काठाच्या दीड मीटर बाहेर दुसऱ्या खुंट्या ठोका.

प्रश्नकर्ता
खूप उपयोगी माहिती, आभार. खोदाईनंतर काँक्रीटला आठवडाभर उशीर झाला तर तळ उघडा ठेवला तरी चालेल का?

प्रतिसाद १
नको. शेवटचे २० सेंमी तसेच राखा आणि काँक्रीटच्या दिवशी बिनदातांच्या बकेटने काढा. दातांनी खालची माती उकरली जाते आणि तिथेच पाया खचतो. तळ उघडा झाला की त्याच दिवशी ५ सेंमी पीसीसी (सळया नसलेलं साधं काँक्रीट) ओता. पाणी पडून तळ मऊ झाला असेल तर तो थर काढून टाका. त्यावर खडी दाबून भागवू नका.

तळाच्या सखल कोपऱ्यात ६० सेंमी खोल खड्डा घेऊन भोकं पाडलेलं पिंप बसवा, भोवती २० मिमी खडी भरा आणि पंप पिंपात सोडा. बाहेर पडणारं पाणी गढूळच राहिलं तर पंप बाजूची माती ओढतोय. बंद करून खडीचा थर वाढवा.

खड्ड्याच्या काठावर माती टाकू नका, निदान दीड मीटर सोडा. प्रत्येक पावसानंतर आणि रोज सकाळी काठाला समांतर भेग आहे का ते बघा. भेग दिसली तर आत कोणीही उतरायचं नाही, आधी ती बाजू वरून आणखी उतरती करून घ्यायची.