मलिद्याला बिल्डिंगमधल्यांना बोलवावं का? (नवसाचा आहे)

रास्तापेठी_पुणे:
आधीच सांगतो, मलिदा म्हणजे टेंडरमधला नव्हे. आम्ही बेने इस्रायल, कोकणातले ज्यू. नवस फेडायचा असला, लग्न असलं, कोणी परदेशी निघालं की आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं.

मार्चमध्ये बाबांची बायपास झाली. रात्री अडीचला समोरचे काका लुंगीवरच खाली उतरले आणि गाडी काढली. रक्त दिलं माझ्या शाळेतल्या दोस्तानं आणि त्याच्या भावानं. दोघांचे रोजे चालू होते, म्हणून इफ्तार उरकून आले. मी नवस बोललो तेव्हा ही सगळी माणसं त्याच कॉरिडॉरमध्ये होती. बोललो मराठीतच. हिब्रू मला पाठ आहे तेवढंच येतं.

आता बाबा ठणठणीत आहेत आणि नवस फेडायचाय. आमचे नातेवाईक बहुतेक इस्रायलला. पुण्यात आमचे असे पुरुष मोजून तीन: मी, बाबा, चुलतभाऊ. सिनेगॉगमधून एक-दोन येतील. मी म्हटलं, काका-काकूंना आणि दोस्ताच्या घरच्यांना बोलवू. बाबा म्हणाले, "मलिदा आपल्या माणसांचा असतो. जेवायला बोलव, पण नंतर." मला ते "नंतर" खटकलं. शिवाय काकूंनी जाहीर करून टाकलंय की श्रीखंड त्या आणणार, आणि आमच्याकडे मलिद्यानंतर मटण ठरलेलं. मटणाबरोबर दूध-दही चालत नाही हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

अलिबागची_सून:
मी ज्यू नाही. सासर अलिबागला, इस्रायल आळीच्या जवळ. सासूबाई सांगतात, लहानपणी शेजारच्या घरी मलिदा असला की मुलं बोलावण्याची वाट बघत नसत. ओट्यावर जाऊन बसायची, द्रोणात पोहे मिळायचे. तेव्हा कोणी "आधी" आणि "नंतर" केल्याचं त्यांना तरी आठवत नाही. गावात ज्यूंना शनिवार तेली म्हणायचे, कारण शनिवारी घाणा बंद. बाकीचे सहा दिवस सगळं गाव त्यांच्याच दारात तेलाला.

मशेरी_ठाणे:
मी तुमच्यातलाच, वय 71. बाबांची बाजू मांडतो. मिन्यान म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष. काद्दीशची प्रार्थना म्हणायची तर ते लागतातच, तिथे तडजोड नाही. मलिद्याला आमच्या घरी पाच जणांतही भागलंय. पण पाच म्हणजे म्हणणारे पाच. हल्ली एकाला म्हणता येतं आणि बाकीचे मोबाईलवर शूटिंग करतात. तुमच्या बाबांना शेजाऱ्यांची अडचण नसेल. आपल्यालाच नीट म्हणता येत नाही, ते चारचौघांत दिसेल, याची त्यांना लाज वाटत असेल. विचारून बघा. आणि आठ दिवस आधी रोज संध्याकाळी अर्धा तास दोघं बसा. पाहुण्यांनी डोकं झाकून शांत बसावं, ताट फिरलं की घ्यावं, एवढंच. ताटात गुलाब विसरू नका, सुगंधाची ब्राखा, म्हणजे आशीर्वचन, असते.

लोदहून:
इस्रायलमधून लिहिते. इथे मिन्यान पाच मिनिटांत जमतं. मलिदा आम्ही हॉल घेऊन करतो, दीडशे माणूस, केटरर. माझे वडील 1964 साली जेरुसलेमच्या धरण्यात होते. आपण पूर्ण ज्यू आहोत हे मान्य करून घ्यायला इथल्या रब्बींशी भांडावं लागलं होतं. ते सांगायचे, कोकणात हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता.

श्रीखंडाचं सोपं आहे. मटण रद्द करा. नारळाच्या दुधातलं वालाचं बिरडं, पुऱ्या, बटाट्याची भाजी. मग श्रीखंड आणा नाहीतर बासुंदी. कोशर, म्हणजे आपल्या नियमानं कापलेल्या, मटणासाठी धावपळही वाचली.

मशेरी_ठाणे:
बिरडं?? अहो, बिरड्याचा सण म्हणजे तिशा बेआव, जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच्या शोकाचा उपास सोडायला खातात. नवसाच्या जेवणात कसं चालेल?

लोदहून:
काका, आमच्याकडे दर बुधवारी असतं. वाल सोलायचा कंटाळा एवढाच काय तो शोक.

रास्तापेठी_पुणे:
अपडेट देतो. ठाण्याच्या काकांचं बरोबर निघालं. बाबांना विचारलं तर आधी टीव्हीचा आवाज वाढवला. मग म्हणाले, आजोबांसारखं म्हणता येत नाही, मध्येच अडकतो, आणि समोरच्यांकडे तर गणपतीत अथर्वशीर्ष घडाघडा म्हणतात. गेले सहा दिवस आम्ही रोज बसतोय. त्यांच्या जुन्या वहीत हिब्रू शब्द देवनागरीत लिहिलेत, अक्षर आजोबांचं, काही ठिकाणी तेलाचे डाग. एलियाहू हन्नाबीची चाल बाबांना पक्की आहे, मी शब्द धरतो, ते चाल धरतात. काल खिडकी उघडी होती. आज सकाळी लिफ्टमध्ये समोरचे काका म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला तू घाई करतोस."

रविवारी करतोय. सगळे आधीपासूनच येणार. दोस्ताच्या अम्मीनं विचारलं, डोक्यावर ओढणी चालेल ना. म्हटलं, आमच्याकडेही तेच लागतं. मटण रद्द. बिरड्यावर अजून वाद आहे, बाबा ठाण्याच्या काकांच्या बाजूला गेलेत. पण त्यांनी स्वतःच काकूंना फोन करून सांगितलं की श्रीखंड दोन किलोत भागणार नाही, तीन आणा.