जॉइंट दिसला की मूर्ती मेली म्हणे!

खान्देशी_साइयान (जळगाव):
परवा आपल्या ॲनिमे (जपानी कार्टून) फिगरच्या ग्रुपवर 'तापीकाठ' यांनी लिहिलं, "कोपरा-गुडघ्यात खिळे दिसतात ते खेळणं. जॉइंट दिसला की मूर्ती मेली. अडीच हजारांची स्थिर प्राइझ फिगर आठ हजारांच्या हलणाऱ्या फिगरपेक्षा केव्हाही उजवी." खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन दिवस दुर्लक्ष केलं. काल रात्री ताटात भरीत-पुरी असतानाही डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून लिहूनच टाकतो.

जॉइंट किती, हा प्रश्नच चुकीचा. सांध्याचा काप कुठे घेतलाय ते बघा. माझा एस.एच.फिगुआर्ट्स या हलत्या फिगरच्या मालिकेतला गोकू, म्हणजे 'ड्रॅगन बॉल'चा नायक, आत्ता हातात आहे. मनगटाचा काप निळ्या पट्ट्याखाली गेलाय, कमरेचा कंबरपट्ट्याखाली, घोट्याचा बुटाच्या काठाखाली. 'ड्रॅगन बॉल'चे चित्रकार तोरियामा यांनी हा पोशाख कागदावर काढला तेव्हा त्यांच्या डोक्यात सांधे नसणार, पण सांधे लपवायला याहून सोयीचे कपडे कुणी शिवले नसते. काखेजवळचा एक सांधा छातीत आत सरकतो, म्हणून दोन्ही हात पुढे येऊन तळवे जुळतात. कामेहामेहाला, म्हणजे त्याच्या त्या ऊर्जेच्या माऱ्याला, तळवे जुळले नाहीत तर तो गोकू नाही, ट्रॅफिक हवालदार.

उलट त्यातलाच खलनायक फ्रीझा घ्या, शेवटच्या रूपातला. गुळगुळीत पांढरं अंग, लपवायला कापडाचा तुकडा नाही. तिथे प्रत्येक काप डोळ्यात खुपतो, तिथे तापीकाठांचं म्हणणं मान्य. म्हणून सरसकट मूर्ती मेली?

आणि प्राइझ फिगर म्हणजे शेवटी जपानातल्या क्रेन मशीनमधून उचलायचं बक्षीस. त्याच्या किमतीला तिथे मर्यादा असते, आधी ८०० येन होती, २०२२ पासून १००० च्या आसपास. त्या पैशात काय येतं ते केसांवर बघा. सुपर साइयानचं, म्हणजे पिवळ्या केसांच्या गोकूचं, डोकं म्हणजे हळदीचा गोळा, एक छटा नाही.

तापीकाठ (भुसावळ):
हळदीचा गोळा म्हणालात ते बरं झालं. छापील मालिकेत सुपर साइयानचे केस कोरे पांढरे ठेवले, कारण काळी शाई भरण्यात सहायकाचा वेळ जायचा. हे खुद्द तोरियामांनी सांगितलेलं आहे. कोरेपणा हेच मूळ डिझाइन. छटा तुमच्या मनातल्या.

८०० येनांचंच तर कौतुक आहे. प्राइझ फिगर काढणाऱ्या बनप्रेस्टोच्या कोलोसियम मालिकेत शिल्पकारांच्या अक्षरशः स्पर्धा लावलेल्या आहेत. एक माणूस बसून ठरवतो की लाथ मारताना कंबर किती पिळायची, कापडाची घडी कुठून कुठे ओढली जाईल, भार कुठल्या टाचेवर येईल. तो एक क्षण त्याचा. तुमच्या फिगरमध्ये हात वर केला तरी बाहीची घडी जागची हलत नाही. हात आकाशात, आणि कापड म्हणतं मी अजून खालीच आहे.

एक साधा प्रश्न विचारतो. तुमच्या गोकूची पोज शेवटची कधी बदलली?

खान्देशी_साइयान (जळगाव):
दिवाळीला.

तापीकाठ (भुसावळ):
म्हणजे साफसफाईला उचलला तेव्हा. आठ हजारांचे सांधे आणि वर्षातून एकदा व्यायाम. 😄

कपाशी_क्विंटल (चाळीसगाव):
तुम्ही दोघं आठ हजारांच्या गप्पा मारा. मी जळगावला रथाच्या गर्दीत साडेतीनशेला गोकू घेतला. हात हलतात, केस पिवळे आहेत, अजून काय पाहिजे? खेळण्यांवरची कस्टम ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ मध्ये ७०. वर २०२१ पासून आयएसआय मार्कची सक्ती. जपानात तीन हजारांची वस्तू इथे सात हजार होऊन येते आणि मग त्यात 'डिझाइन' दिसायला लागतं. आमच्या घरी अर्धी खोली कापसानं भरली आहे, भाव येईल म्हणून. त्या खोलीत फळीचा एक कोपरा मला मिळालाय. त्या कोपऱ्यात ओरिजिनल ठेवला काय अन् डुप्लिकेट ठेवला काय, कापसातल्या किड्यानं खाज दोघांनाही सारखीच सुटणार.

खान्देशी_साइयान (जळगाव):
भो, डब्यावर ॲनिमे बनवणाऱ्या तोएई कंपनीचं मांजरमुखी चकचकीत स्टिकर होतं का?

कपाशी_क्विंटल (चाळीसगाव):
डबाच नव्हता. कॅरिबॅगेत होता.

खान्देशी_साइयान (जळगाव):
मग त्याचं तोंड कडूनिंबाच्या काढ्यासारखं का झालंय ते कळलं. ड्युटीबद्दल तुमच्या शब्दाशब्दाशी सहमत. पण महाग आहे म्हणून नक्कल चांगली, हे कुठलं गणित? नक्कल करणारे विकत घेतलेल्या फिगरवरूनच साचा काढतात, म्हणून कडा बोथट होतात, सांधे सैल पडतात. त्वचा तर अशी चकाकते की जणू गोकू तेल चोपडून बसलाय.

कपाशी_क्विंटल (चाळीसगाव):
माझा लहान भाऊ रोज खेळतो त्याच्याशी. पोज दिवसातून पन्नास वेळा बदलते. तुमचा दिवाळीला.

रोट_खाणारी (मूळ अमळनेर, सध्या पुणे):
इतका वेळ वाचतेय, पण चेहऱ्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. ॲनिमेचा चेहरा मुळात सपाट कागदासाठी असतो. बाजूनं काढताना चक्क गालावर तोंड काढतात ते लोक. तो गोल करायचा म्हणजे कुठेतरी लबाडी करावीच लागते, आणि कुणाची लबाडी पकडली जात नाही तो खरा शिल्पकार. म्हणून मला नेन्डोरॉइड आवडतात. २००६ पासून गुड स्माइलवाले तेच करतायत. दहा सेंटिमीटरची बाहुली, निम्मं डोकंच, चेहरा काढून दुसरा लावा. सांधे जेमतेम. पण तीन हात लांबून बघितलं तरी पात्र ओळखू येतं. तुमचा तो पिळदार क्षण फोटोतल्या एकाच कोनातून छान दिसतो, बाजूनं बघाल तर नाक गायब.

दुसरं, हे बोलायचंच होतं. बाई पात्राची फिगर आली की इथल्या परीक्षणातून घडी, भार, टाच हे सगळं कसं काय नाहीसं होतं हो, दादा लोक? तिच्या गुडघ्याच्या सांध्याबद्दल आजवर एक ओळ वाचली नाही. बाकी सगळ्याबद्दल परिच्छेद आहेत.

तापीकाठ (भुसावळ):
ताई, दुसरा मुद्दा मान्य. पहिल्यावर भांडू शकतो, पण माझ्या झोरोचं ('वन पीस'मधला तलवारबाज) नाक मी आत्ताच बाजूनं बघितलं. बोलत नाही.

पांझराकाठ (धुळे):
पोरांनो, मला तुमची नावं कळत नाहीत, नातवाकडे तो फिग्मा की काय आहे, पाठीत भोक असलेला, दांडीवर उभा करतात तो. पण चेहऱ्याचं निघालं म्हणून लिहितो. आमच्याकडे गणपतीचा कारखाना होता. अंगाचा रंग कुणीही मारी, डोळ्यांची आखणी फक्त वडील करत. कारण बुबुळ ज्वारीच्या दाण्याएवढं जरी सरकलं तरी देव समोर बघायचा सोडून शेजारच्या घरात बघतो. नातवाच्या बाहुल्याचे डोळे मशीननं छापलेत, रेघ केसासारखी, मान्य. पण तीन चेहरे दिलेत आणि तिन्ही डावीकडेच बघतात. आमच्या वडिलांनी तो लॉट परत पाठवला असता. सांध्याचं तुमचं तुम्ही बघा.

खान्देशी_साइयान (जळगाव):
काका, डावीकडेच बघण्याचं खरंय. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, आता रोज दिसणार.

विषयावर येतो. तापीकाठ, तुमच्या त्या 'एका क्षणाचं' आपल्याकडच्या मे महिन्यात काय होतं ते पण लिहा की. पंचेचाळीस अंशांत एका पायावरची पीव्हीसी फिगर किती दिवस त्या क्षणात राहते?

तापीकाठ (भुसावळ):
झोरो जरासा कललाय. जरासाच.

कपाशी_क्विंटल (चाळीसगाव):
जरासा म्हणजे किती? 'नमस्कार करतो' इतका की 'पाया पडतो' इतका?

तापीकाठ (भुसावळ):
वाकून काहीतरी शोधतोय असं वाटतं. पण तो मूर्तीचा दोष नाही, वरच्या मजल्याचा आहे. वर पत्रे आहेत. म्हणून तर मी बाकीच्या अकरा डब्यातच ठेवल्यात, सील न फोडता. तुमच्यासारखे डबे फेकून नाही दिले.

खान्देशी_साइयान (जळगाव):
डब्यांचं नाव काढू नका. मी फेकले नाहीत. दिवाळीला मी क्लासला गेलो होतो, आईनं माळा साफ केला. चौदा डबे, आतल्या प्लॅस्टिकच्या साच्यासकट. पायानं चपटे करून, सुतळीनं बांधून, रद्दीवाल्याला. सव्वीस रुपये आले. त्यात फिगुआर्ट्सचे सुटे हात होते, एका साच्यात टेपनं चिकटवलेले. म्हणून माझा गोकू तेव्हापासून मुठी वळूनच आहे. कामेहामेहाचे उघडे तळवे रद्दीत गेले. मिळालं उत्तर, पोज का बदलत नाही त्याचं?

कपाशी_क्विंटल (चाळीसगाव):
म्हणजे वर जो तळवे जुळण्याचा परिच्छेद लिहिला, ते तळवे तुझ्याकडे नाहीतच! तुनं खरं शे भो, मानलं तुला.

खान्देशी_साइयान (जळगाव):
जुळायचे. आठवणीतून लिहिलं. मुद्दा बदलत नाही.

रोट_खाणारी (मूळ अमळनेर, सध्या पुणे):
तापीकाठ दादा, अकरा डबे बंद ठेवलेत ना, ते आधी उघडा. मऊ पीव्हीसीत घातलेलं तेलासारखं द्रव्य हळूहळू बाहेर येतं, बंद डब्यात ते जायला जागा नसते, उष्णतेनं अजून वाढतं. माझ्या एकीला पाच वर्षांनी बाहेर काढली तर गुळाच्या भेलीसारखी बोटाला चिकटली. भांड्यांचा साबण, कोमट पाणी, लहान बाळाचा ब्रश.

तापीकाठ (भुसावळ):
हे कुठून काढलंत? डबा उघडला की किंमत अर्धी होते.

पांझराकाठ (धुळे):
विकणार आहेस का?

तापीकाठ (भुसावळ):
नाही.

खान्देशी_साइयान (जळगाव):
मग? पोज दिवाळीला बदलतो म्हणून मला हसणारा माणूस अकरा मूर्ती डोळ्यांनी बघितल्याच नाहीत म्हणतोय. शिल्पकारानं टाचेवर भार दिला, घडी ओढली, आणि यांनी सगळं अंधारात ठेवलं.

तापीकाठ (भुसावळ):
चिडून बोलायची गरज नाही. तासाभरानं लिहितो.

तापीकाठ (भुसावळ):
तीन उघडल्या. एक चिकट आहे. एकच. बाकी दोन अप्रतिम आहेत आणि बाजूनंही नाक दिसतं, रोट_खाणारी ताईंनी नोंद घ्यावी. घडीबद्दल माझं मत कायम आहे. मनगटाच्या पट्ट्याखालच्या कापाबद्दल साइयान बोलले ते मात्र, म्हणजे, गोकूपुरतं, चालेल.

खान्देशी_साइयान (जळगाव):
'चालेल'ची फ्रेम करून लावतो. झोरोसाठी सांगतो, सत्तर-ऐंशी अंशाच्या पाण्यात घोटा मिनिटभर बुडवा, मऊ झाला की सरळ करा आणि तसाच धरून थंड पाण्यात घाला. आकार धरतो. स्थिर फिगरला एवढा एकच जॉइंट असतो, तो उन्हाळ्यात तयार होतो.

तापीकाठ (भुसावळ):
शेवटचं वाक्य नसतं तरी चाललं असतं. रंग जात नाही ना?

खान्देशी_साइयान (जळगाव):
उकळतं नको, बस. दुपारी गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडला तर निम्मं काम तिथेच होईल.

तापीकाठ (भुसावळ):
टाकी रिकामी आहे. आमच्याकडे पाण्याचा दिवस परवा. तोवर वहीचा टेकू लावलाय.