इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवर नोकरी, पगार 24 हजार: दोघांनी जागा कुठे घ्यावी?

सराफा_रात्री_बारा
मी आणि मित्र, दोघांचं ऑफिस सुपर कॉरिडॉरवर. वन बीएचके बघतोय, भाडं 10 हजारांच्या आत हवं. दलालाने दोन दाखवलेत. भंवरकुआंजवळ 8,000, लाइट 10 रुपये युनिट, सब-मीटर. कालानी नगरकडे 9,500, मीटर वेगळं. डिपॉझिट दोन्हीकडे दोन महिन्यांचं. पहिलं घ्यावं असं वाटतंय. काय काय बघू?

युनिट_मोजणारा
भिया, 8,000 वालं महाग पडेल. उन्हाळ्याचा महिना धर. दोन पंखे 40 युनिट, लहान फ्रिज 30, कूलर रात्री दहा तास चालवला तर 54, दिवे-वायफाय-मिक्सर 15. झाले 139. सब-मीटरवर सरळ 1,390 रुपये.

वेगळं घरगुती कनेक्शन असेल तर मध्य प्रदेश सरकारची अटल गृह ज्योती योजना लागू होते. महिन्याचा खप 150 युनिटांच्या आत असला की पहिली 100 युनिटं 100 रुपयांत, वरच्या 39 ला नेहमीचा दर आणि फिक्स चार्ज. बिल निम्म्याहून खाली येतं. पण 150 ओलांडले की त्या महिन्याची सूट गेली, म्हणून एसीचा विचार करू नका. सब-मीटरवाल्या घरात सगळ्या भाडेकरूंचा खप मालकाच्या एकाच मीटरवर चढतो, तिथे सूट बहुधा मिळतच नाही.

शिवाय भंवरकुआंहून जाऊन-येऊन रोज 15-20 किलोमीटर जास्त. महिन्याला एका गाडीचं 8-10 लिटर पेट्रोल.

एक मात्र कर. कालानी नगरला आपल्या मजल्याचा मेन स्विच पाड आणि खाली जाऊन मीटर बघ. लाल दिवा तरीही लुकलुकत असेल तर जिन्याचा दिवा किंवा पाण्याची मोटर तुमच्या लाइनीवर आहे. एक एचपीची मोटर रोज अर्धा तास चालली तरी महिन्याला 15 युनिटं. 139 चे 154 झाले, सूट खलास! मागचं मे महिन्याचं बिल मागून घे, त्यात सूट छापलेली दिसते.

हौद_आधी_बघा
वरचं बरोबर, पण पाण्याचं कुणी बोललं नाही. नर्मदेचं पाणी बऱ्याच वस्त्यांत एक दिवसाआड येतं. माणशी रोजचे 135 लिटर धरले तर दोघांना दोन दिवसांचे 540. छतावरची टाकी 500 ची असेल आणि ती दोन कुटुंबांत असेल तर दुसरा दिवस उजाडायच्या आतच नळ कोरडा. खाली हौद आहे का, मोटर कोण चालवतं आणि बोरिंग एप्रिल-मेमध्ये चालतं का, हे मालकाला विचारू नका, खालच्या भाडेकरूला विचारा. टँकर मागवला तर पैसे कुणी द्यायचे ते आधीच ठरवा.

वरचा मजला असेल तर दुपारी चारला जाऊन बघा. पश्चिमेच्या भिंतीला हात लावला की कळतंच. चद्दरची, म्हणजे पत्र्याच्या छताची खोली असेल तर कूलरही हात टेकतो.

सराफा_रात्री_बारा
कालानी नगरवाले काका म्हणतात लिखापढी नको, आपल्या लोकांत कशाला? आणि डिपॉझिट रोख द्या म्हणतात.

अकरा_महिने
आपल्या लोकांतच जास्त हवी. अकरा महिन्यांचा करार ई-स्टँपवर करा. वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेकराराला 1908 च्या नोंदणी कायद्याने रजिस्ट्री लागते, अकरा महिन्यांचा रिवाज त्यातूनच आला. दोघांचीही नावं टाका. एकाचंच टाकलं आणि तो सोडून गेला, तर दुसरा कुणाच्याच हिशोबात नसतो.

कलमं मोजकीच, पण नीट लिहा: नोटीस किती दिवसांची, अकरा महिन्यांनी वाढ किती टक्के, घर सोडल्यावर डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगाचे पैसे कापणार का. भांडण बहुतेक या शेवटच्यावरच होतं. डिपॉझिट यूपीआयने द्या, शेऱ्यात 'डिपॉझिट' लिहा. चावी घेताना भिंती, नळ आणि मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून काकांनाच व्हॉट्सअ‍ॅप करा, म्हणजे तारीखही राहते.

पोलीस थाण्यात किरायेदाराची माहिती मालकाने द्यायची असते. करार आणि आधारची प्रत देऊन त्यांना आठवण करा.

एचआरए, म्हणजे घरभाडे भत्त्याच्या करसवलतीसाठी पावत्यांचा नाद सोडा, या पगारावर नव्या रिजीममध्ये टॅक्स लागतच नाही.

युनिट_मोजणारा
दोन गोष्टी राहिल्या. 'मेट्रोजवळ' म्हणून जादा पैसे मागितले तर देऊ नका. 31 मे 2025 ला सुरू झाली ती गांधी नगरकडून साधारण 6 किलोमीटर, रोजच्या कामाला किती पुरेल ते नकाशावर बघा. आणि जून-जुलैत कोचिंगच्या बॅचा सुरू झाल्या की भंवरकुआंचे भाव चढतात, तेव्हा तिकडे बघूच नका.

ऑनलाइन जाहिरातीत 'फौजेत आहे, बदली झाली, टोकन टाका' म्हणत कुणी क्यूआर पाठवला तर ब्लॉक करा. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही.

सराफा_रात्री_बारा
मेन स्विच पाडून बघितला. दिवा लुकलुकतोय. काका म्हणतात मोटर 'थोडीशीच' चालते.

हौद_आधी_बघा
मोटर त्यांच्या मीटरवर घेऊन द्या म्हणावं, इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे. नाही म्हणाले तर भाडं 9,000 करून मागा.