लहान भाऊ दोनदा चक्कर येऊन पडला, पळू द्यावं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, आम्ही पारोळ्याकडचे. लहान भाऊ वय २०, पोलीस भरतीची तयारी करतोय. मे महिन्यात चुलत बहिणीच्या हळदीला मांडवात तासभर उभा होता, ऊन मरणाचं आणि सकाळपासून पोटात नुसता चहा. आधी जांभया द्यायला लागला, मग म्हणे अंधारी येतीये, तोंड पांढरंफटक, घाम, आणि धपकन खाली. हातपाय दोन-चार वेळा झटकल्यासारखे हलले तर काकांनी मिरगी मिरगी करत चप्पल हुंगवली (हो, अजूनही), आजी म्हणे "पोऱ्याले नजर लागनी व माय". अर्ध्या मिनिटात शुद्धीवर, सगळ्यांना ओळखत होता, नंतर वरणबट्टी पण हाणली. आम्ही विसरून गेलो.

पण परवा १६०० मीटरच्या तिसऱ्या राऊंडला पळता पळताच पडला. यावेळी जांभई नाही अंधारी नाही, एकदम लाईट गेल्यासारखा. हनुवटीला तीन टाके. तिथे सलाईन लावून "अशक्तपणा आहे" म्हणून घरी पाठवलं. भरतीचं ग्राऊंड (मैदानी चाचणी) पुढच्या आठवड्यात आहे, घरचे म्हणतात खजूर दे, होईल नीट. काय करू?

केळीवाला_रावेर: आमच्या आईला खाटेवरून उठलं की अंधारी यायची. झोपवून आणि उभं करून बीपी मोजलं तर उभ्याने धाडकन उतरायचं, बीपीच्या गोळीचा डोस कमी केल्यावर थांबलं. तसं असेल.

सिस्टर_धुळे: दादा, २० वर्षाच्या पोराचं तसं वाटत नाही. ताई, हळदीतली चक्कर साधी वाटते. ऊन, उपाशीपोटी, उभं राहून रक्त पायात साचतं, नाडी मंदावते, मेंदूला रक्त कमी पडतं. आडवं केलं की माणूस लगेच येतो. थोडे झटके त्यातही येतात, मिरगीच असं नाही. सपाट झोपवून पाय वर धरा, तोंडात पाणी ओतू नका. मिनिट-दोन मिनिटात शुद्ध आली नाही, छातीत दुखलं, दम लागला तर १०८. पण पळताना, काही न कळता पडणं हे वेगळं, ते हृदयाचं नाही हे आधी बघावं लागतं. ईसीजी झाला का? आणि घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का?

(मूळ धागाकर्ती): ईसीजी नाही केला. तुमचा प्रश्न वाचून आईला विचारलं, ती जरा गप्प झाली. मोठे काका ३४व्या वर्षी विहिरीवर मोटार चालू करायला गेले ते तिथेच गेले, सगळे शॉक लागला म्हणतात. आई म्हणे त्या टायमाला लाईटच नव्हती.

सिस्टर_धुळे: पळणं आजपासून बंद. ईसीजी, टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), आणि काकांचं डॉक्टरांना न विसरता सांगा.

(मूळ धागाकर्ती): उद्या जळगावला हार्टवाल्या डॉक्टरांकडे नंबर लावलाय. बूट लपवलेत म्हणून भाऊ माझ्याशी बोलत नाहीये.