कोर्टाच्या तारखेची आठवण देणारा मेसेज आरोपीला मिळतो का?

पूर्वभाग_माग: माझा धाकटा भाऊ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला माग चालवतो. त्याच्यावर चेक न वटल्याची केस आहे. वकिलांच्या कारकुनाने पुढची तारीख चिठ्ठीवर लिहून दिली, ती शर्टाबरोबर धुतली गेली. कोर्टात पुकारा झाला तेव्हा हा पाळी करून घरी झोपलेला. मग वॉरंट. आई अजून जिन्यात बूट वाजले की दचकते.

पळायचं असतं तर तो रोज मागावर गेला असता का? गॅसचा मेसेज येतो, वीजबिलाचा येतो. तारखेचा का येऊ नये?

काळाकोट_सोलापूर: दादा, आधी वॉरंट रद्द करायचा अर्ज द्या, भावाला स्वतः हजर ठेवा. मग वकिलांकडून केसचा १६ अक्षरी सीएनआर नंबर घ्या आणि ई-कोर्ट्स सर्व्हिसेस ॲपमध्ये टाका. पुढची तारीख तिथे दिसते. मोबाइल नंबर केसमध्ये नोंदवलाय का तेही विचारा. आरोपीचा नंबर बऱ्याचदा कागदावर नसतोच, मग मेसेज जाणार कुणाला?

येणं खरंच जमत नसेल तर आधी कळवा, हजेरी माफीचा अर्ज देता येतो. जामिनावरचा माणूस सबळ कारण नसताना आला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २६९ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

वाचनवेडी: न्यूयॉर्कमध्ये किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सवर हाच प्रयोग झाला, २०२० मध्ये ‘सायन्स’ मासिकात आला. फॉर्मवर तारीख आणि जागा ठळकपणे वर छापली, तर गैरहजेरी १३ टक्क्यांनी घटली. मोबाइलवर आठवण पाठवली तेव्हा २१ टक्क्यांनी. न आल्यास काय होईल आणि कामातून वेळ कसा काढाल, हे दोन्ही सांगणारे मेसेज सर्वात जास्त उपयोगी पडले. म्हणजे तुमच्या भावासारखेच बरेच जण विसरलेले होते.

पूर्वभाग_माग: ताई, हे वाचून आईला सांगितलं. तिला फार बरं वाटलं.

एक अडचण आहे. आमच्या पूर्व भागात कितीतरी घरांत तेलुगूच बोलतात. भावाला मराठी बोलता येतं, पण वाचताना अडखळतो. कोर्टाचा मेसेज आला तरी तो उघडणार नाही. सीएनआर आज घेतला, वॉरंटचा अर्ज उद्या आहे. पुढची तारीख माझ्या आणि भावजयीच्या फोनवर लावणार. आदल्या दिवशी ती त्याला तेलुगूत आवाजी मेसेज पाठवेल, आणि पाळी बदलून घ्यायला मुकादमाला मी आठवडाभर आधी सांगेन.