पाठदुखी आणि ड जीवनसत्त्व: रोज हाताळणाऱ्यांनी लिहा

पाठ धरली की हल्ली जो तो 'डी थ्री (म्हणजे ड जीवनसत्त्व) तपासून घे' सांगतो. ज्यांचं हे रोजचं काम आहे त्यांनी नेमकं लिहावं. 'मला फरक पडला' एवढंच नको.

लॅबवाली, परळ: चाचणी '२५ हायड्रॉक्सी' मागा. '१,२५' वाली महाग, आणि कमतरता असतानाही नॉर्मल येऊ शकते. उपाशी यायची गरज नाही. रिपोर्टवर एकक बघा: नॅनोग्रॅममध्ये २० च्या खाली म्हणजे कमतरता, नॅनोमोलमध्ये तीच मर्यादा ५०. केसांसाठी बायोटिन चालू असेल तर आधी सांगा. काही मशिनांवर आकडा खोटाच वर जातो.

फिजिओ, दादर: मुंबईत ड कमी निघणं इतकं सर्रास आहे की रिपोर्ट कमी आला म्हणून पाठदुखीचं कारण सापडलं असं होत नाही. हाडं मऊ पडल्याचं दुखणं वेगळं ओळखू येतं. कंबर, बरगड्या, नडग्या असं पसरलेलं, बोथट. नडगीवर अंगठा दाबला की पेशंट पाय ओढून घेतो. जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, दादरचा पूल चढताना मांड्यांत जोर राहत नाही. त्यात अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या आजारात रक्तात वाढणारं एन्झाइम) वाढलेलं असेल तर संशय बळावतो. पण वाकलं की कळ आणि पायात मुंग्या, हे ड च्या सॅशेचं (पुडीचं) काम नव्हे. रात्री झोपू न देणारी पाठ, संध्याकाळची कणकण, उतरतं वजन असेल तर आधी मणक्याचा टीबी नाही ना ते बघा.

केमिस्ट, भांडुप: ६०,००० युनिटचं सॅशे, सहसा आठवड्याला १, असे ८ आठवडे. घोळ इथेच होतो: आठवड्याचं औषध लोक रोज घेतात. मग रक्तात कॅल्शियम चढतं, मळमळ, तहान, बद्धकोष्ठ, आणि किडनीवर ताण. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा. जेवणानंतर, सायीच्या दुधातून घ्या. उपाशीपोटी कमी शोषलं जातं. मुतखडा किंवा टीबी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. पुन्हा तपासणी ३ महिन्यांनी, आधी पैसे वाया.

आहारवाली, बोरिवली: सकाळी ७ चं कोवळं ऊन ड साठी जवळजवळ निरुपयोगी. सावली आपल्या उंचीहून आखूड हवी. मुंबईत सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, साडेबारा-पाऊणच्या सुमाराला. गॅलरीची काच बंद असेल तर उपयोग शून्य, ती सरकवा.




फिजिओ, दादर: आणि पोटऱ्या उघड्या ठेवा, नुसता चेहरा नको.