खिडकीच्या चौकटीतलं मातीचं घर पाडू का?

निळाई: थंड डोंगराळ भागातून उष्ण प्रदेशात येऊन चार महिने झाले. इथे दिवा लावायचा अवकाश, भिंतीवर रोज नवा पाहुणा! सध्या एक बारीक कमरेची, लांब पायांची माशी खिडकीच्या चौकटीत चिखलाच्या गोळ्या आणून लिंपते. लिंपताना गुणगुणते, अगदी स्पष्ट ऐकू येतं. काल तिच्या घराचा एक तुकडा माझ्याच हातून निखळला. आत सात-आठ कोळी दाटीवाटीने बसवलेले. हलत नव्हते, पण सुकलेलेही नव्हते. एकाच्या पोटाला कणीएवढं पांढरं, जरासं वाकलेलं काहीतरी चिकटलेलं. घरात लहान मूल आहे. पाडून टाकू का? मन होत नाही.

शिवाय पाऊस पडून गेल्यावर न्हाणीघरात पंखांचा सडा पडला होता. किडा मात्र एकही नाही.

रानवाट: ताई, ही कुंभारीण. कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही. मेला तर कुजेल. ते पांढरं म्हणजे तिचं अंडं. अळी बाहेर आली की तो ताजा साठा खाऊन तिथेच कोष करते. कुंभारीण एकटी राहते, गांधीलमाश्यांसारखी घर राखायला अंगावर येत नाही. हातात पकडली तर मात्र डसेल, तेवढं मुलाला सांगा. मातीला गोल भोक दिसलं की आतली उडून गेली. मग खुशाल खरवडा.

जुनंघर: मला काळजी पंखांची वाटते. ते जुळवून बघा. चारही सारख्या लांबीचे असतील तर वाळवी. मुंगीचे पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे असतात. वाळवी उडून आली की पंख गाळून जोडीने फटीत शिरते. दाराच्या चौकटीचं लाकूड ठोकून पाहा, पोकळ वाजलं तर थांबू नका.

निळाई: पंख कागदावर मांडले. चारही सारखे. चौकट खालच्या वीतभर भागात पोकळ वाजतेय, उद्याच माणूस बोलावते. औषध मारायचं ते फक्त न्हाणीघरातच, खिडकीजवळ नाही, हे त्याला आधीच सांगणार आहे. कुंभारणीने आज दुपारी नवी नळी धरली. मुलगा लांब उभा राहून तिच्या खेपा मोजत होता.